पहिल्याच स्पर्धेसाठी स्टेज टॅन : कसा लावू, कोणाकडून लावून घेऊ?

पहिलीच_वेळ
नमस्कार. धागा जरा लांबेल, पण सगळं एकदाच लिहून टाकते.

मी डोंबिवलीची, वय २७. तीन वर्षं न चुकता जिमला जातेय. यंदा सरांनी जिल्हा शरीरसौष्ठव स्पर्धेत महिलांच्या फिजिक गटात नाव द्यायला लावलं. स्पर्धा १७ दिवसांवर आली आहे, शनिवारी संध्याकाळी, उघड्या मैदानावर. डाएट, पोझिंग सगळं मार्गावर आहे. अडलंय ते टॅनपाशी, म्हणजे स्टेजसाठी अंगभर लावायच्या गडद रंगापाशी.

सर म्हणतात, "बाटली मी आणतो, आदल्या रात्री दोन हात मार आणि झोप." मुलांचं तसं भागतं. ती एकमेकांच्या पाठीला लावून देतात. आमच्या जिममधून उतरणारी मुलगी मी एकटीच. सरांकडून लावून घेणं मला जमणार नाही, त्यांनाही अवघडल्यासारखं होतंय. स्प्रे करून देणाऱ्या बाईची चौकशी केली, तर दोन पार्लरमध्ये "डी-टॅन का?" असं विचारलं. टॅन काढायचा नाही, चढवायचाय, हे समजावता समजावता नाकी नऊ आले.

आणि घरची गोष्ट. माझा रंग गव्हाळ, आईच्या शब्दांत 'उजळ'. लहानपणी दर रविवारी तिने मला बेसन आणि साय चोळून अंघोळ घातली आहे. पैसे देऊन काळं व्हायचं हे तिच्या गळीच उतरत नाही. त्यात सोमवारी मामेबहिणीचा साखरपुडा. "चार माणसांत कशी दिसशील? तुझंही बघतोय ना आम्ही," हे रोज एकदा होतंच. मला तिला दुखवायचं नाही आणि स्पर्धाही अर्ध्या मनाने करायची नाही.

तर स्प्रे बरा की स्पंज? घामाने ओघळतो का? आणि शनिवारचा रंग सोमवारपर्यंत चेहऱ्यावरून, हातांवरून कमी करता येतो का? ज्यांनी स्वतः लावलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

परळचा_पोझर
ताई, आधी अभिनंदन. पहिल्यांदा स्टेजवर चढायला काय लागतं ते चढलेल्यालाच ठाऊक.

टॅनला कमी लेखू नका. मी पहिल्या वर्षी लेखला. सात महिने डाएट केलं आणि टॅनच्या नावाखाली कोणीतरी दिलेला स्वस्तातला ब्राँझर, म्हणजे वरवरचा तपकिरी रंग, स्पर्धेच्या दिवशी दुपारी चोपडला. मार्च महिना, मंडपात पंखा नाही, स्टेजआधी स्नायू फुगवायला पंप मारताना घाम फुटला. स्टेजवर गेलो तेव्हा बरगड्यांवरून तपकिरी ओघळ खाली पोझिंगच्या चड्डीपर्यंत आले होते. पावसात मातीची भिंत दिसते तसा दिसत होतो. बरगड्यांवरच्या सिरॅटस स्नायूचे कट्स, म्हणजे रेघा, कोणाला दिसलेच नाहीत. घरी येऊन फोटो बघितले आणि रडलो, खरंच सांगतो.

स्टेजवर समोरून आणि वरून पांढरा झगझगीत उजेड येतो. उजळ अंगावर तो उजेड पसरतो, दोन स्नायूंमधली सावली पुसली जाते आणि अंग सपाट दिसतं. गडद रंगावर सावली टिकते, वर हलकं तेल असलं की उंचवटे चमकतात. म्हणून मुळातच सावळा असलेला खेळाडूही टॅन लावतो. अंगभर एकसारखा रंग लागतो. बनियनच्या खुणा, उन्हाने रापलेले हात आणि पांढरं पोट हे स्टेजवर फार खुपतं.

लाल_माती
कोल्हापूरकर. आमच्याकडं २०१० ला सुहास खामकर मिस्टर एशिया झाला आणि तालमीतली निम्मी पोरं जिमकडं वळली, त्यातलाच मी एक. आमचे वस्ताद सांगायचे, पूर्वी नुसतं खोबरेल तेल लावून उभं राहायचे. टॅन बघितल्यावर वस्ताद पहिल्यांदा नाराजच झाले. मग मीच त्यांना म्हणालो, आखाड्यात उतरल्यावर पैलवानाच्या अंगाला लाल माती लागते, तिची कधी कुणाला लाज वाटली का? तेव्हापासून काही बोलले नाहीत.

ताई, आईंना एकदा जिममध्ये आणा. पोझिंग करताना बघू दे त्यांना. घरात तुम्ही त्यांना कायम ओढणीत दिसताय, तुम्ही काय कमावलंय ते त्यांनी बघितलंच नसंल.

दुसरा_सेट
अगं, मी ठाण्याची, दोन वर्षं फिजिक गटात उतरतेय. सरांची 'दोन हात मार आणि झोप' ही पद्धत अजिबात करू नकोस. नीट वाच.

आजच एका मांडीवर थोडं लावून बघ. खाज, पुरळ काही आलं तर १७ दिवस हातात आहेत. रंग कसा उतरतो तेही कळेल. कोणाच्या अंगावर तो लालसर जातो, कोणाच्या नारिंगी. नारिंगी आला तर बाटली बदल, जास्त थर देऊन तो तपकिरी होत नाही.

वॅक्स दोन-तीन दिवस आधी. लगेच आधी केलंस तर उघड्या रोमछिद्रांत रंग साचतो आणि पायांवर काळे ठिपके दिसतात. शुक्रवारी सकाळी खरखरीत कापडाने अंग घासून अंघोळ. ढोपरं, कोपरं, घोटे आणि बोटांचे सांधे मन लावून घास. त्यानंतर अंगाला काहीही लावायचं नाही. तेल नाही, लोशन नाही, पावडर नाही आणि डिओ तर मुळीच नाही. डिओ लावलेल्या काखेत टॅन हिरवट पडतो. मी पाहिलाय, माझ्याच काखेत.

लावताना तळहात, तळपाय, नखांच्या कडा आणि ओठांना व्हॅसलीन. कोपर-ढोपरांवर अगदी पातळ थर, तिथे रंग आपोआप जास्त धरतो. हात वर करून काख, वाकून नितंबाखालची घडी आणि छातीखालचा भाग बघायला सांग. नेमक्या तिथेच पांढऱ्या रेघा राहतात आणि तू बॅक पोझ घेतलीस की पहिल्या त्याच दिसतात.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला थर, तो वाळला की दुसरा, शनिवारी सकाळी तिसरा. मैदानावर फक्त डागडुजी. पहिला थर दिल्यापासून अंगावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, थेंब पडला की पांढरा ओघळ. भांडी घासू नकोस, दात घासताना पुढे वाक. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते : बाथरूमला जाताना कागदी ग्लास वापर. मांडीवर शिंतोडे उडाले तर सकाळी तिथे चट्टे दिसतात. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

झोपताना सैल, पूर्ण बाह्यांचा जुना सुती कुर्ता आणि गडद चादर. गालाखाली हात घेऊन झोपायची सवय असेल तर उशा लावून पाठीवर झोप. मैदानावर लोकलने जाऊ नकोस. गर्दीत घासून रंग जाईल आणि दुसऱ्या बाईच्या साडीलाही लागेल. रिक्षाच्या रेक्झिनच्या सीटवर चादर टाकून बस, नाहीतर मांड्यांची मागची बाजू सीटला चिकटून सोलल्यासारखी दिसते.

पहिलीच_वेळ
दुसरा_सेट ताई, हे सगळं कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवलंय. कागदी ग्लासबद्दल मनापासून आभार. हे मी सरांना कधीच विचारू शकले नसते.

प्रयोगशाळा
मी रसायनशास्त्र शिकवते, टॅन स्वतः कधी लावला नाही. पण तो अंगावर काय करतो हे समजलं की वरच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून लिहिते.

या बाटल्यांत रंग आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे डायहायड्रॉक्सिअॅसिटोन, थोडक्यात डीएचए. ही तीन कार्बनची साधी साखर आहे. ती स्वतः रंगहीन असते. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या प्रथिनांशी तिची प्रक्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. तव्यावर भाकरीला खरपूस डाग पडतात ना, त्याच जातीची ही प्रक्रिया. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली, म्हणून मायार प्रक्रिया. लावल्यावर भाजलेल्या बिस्किटासारखा वास येतो तोही त्यामुळेच.

हा गुण कळला योगायोगाने. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या बाल-रुग्णालयात ईव्हा विटगेनस्टाइन एका दुर्मीळ चयापचयाच्या विकारावर काम करत होत्या. मुलांना डीएचए तोंडाने दिलं जायचं. ते सांडलं की काही तासांनी त्वचेवर तपकिरी डाग दिसायचे, कपड्यांवर मात्र नाही. त्यांनी ते द्रावण स्वतःच्या कातडीवर लावून खात्री करून घेतली. बाटलीतलं टॅनिंग पुढे त्यातून आलं.

आता तुमचे प्रश्न. कोपर-ढोपरांवर मृत थर जाड, म्हणून रंग गडद. रंग दिसायला दोन ते चार तास, पूर्ण चढायला साधारण २४ तास, म्हणून आदल्या दिवशी लावायचा. तो थर झडत जातो तसा रंग जातो, साधारण पाच-सात दिवसांत. स्टेजच्या बाटलीत डीएचएबरोबर वरवरचा धुतला जाणारा ब्राँझरही असतो. ओघळतो तो ब्राँझर. मुरलेला डीएचए घामाने ओघळत नाही.

एक कळकळीची विनंती. स्प्रे करत असाल तर डोळे मिटून घ्या, तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची डीएचएला परवानगी बाहेरून त्वचेवर लावण्यापुरती आहे. ओठ, डोळ्यांच्या आसपासचा भाग, नाकातोंडाच्या आतली नाजूक त्वचा यांसाठी ती नाही आणि फवारा श्वासात जाऊ देऊ नये. दमा असेल तर स्प्रेच्या वाटेला न जाता स्पंजच वापरा. आणि या रंगाने ऊन अडत नाही. दुपारी मैदानावर सावलीत थांबा.

स्पष्ट_बोलतो
कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण मनातलं लिहितो. खेळ आहे की रंगस्पर्धा? घाम गाळून कमावलेलं शरीर आहे तसं दाखवायला काय हरकत आहे? आणि मुलीच्या आईची काळजी अगदीच चूक आहे का? आपल्याकडे आजही स्थळाच्या जाहिरातीत पहिला शब्द 'गोरी' असतो.

दुसरा_सेट
दादा, उत्तर देते, कारण हा प्रश्न आमच्या घरातही झालाय. कुस्तीत लंगोट लागतो, धावायला स्पाइक्स लागतात, तसा आमच्या खेळात टॅन. तो लावला नाही तर परीक्षकाला पाठ वाचताच येत नाही. दिसेल त्यावरच गुण मिळतात.

जाहिरातीतल्या 'गोरी'बद्दल म्हणाल, तर मी मुळात सावळी. कॉलेजपर्यंत माझ्यासाठी घरात फेअरनेस क्रीमच्या ट्यूबा यायच्या. पहिल्या स्पर्धेच्या रात्री अंगभर गडद रंग लावून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःचे खांदे पहिल्यांदा नीट बघितले. त्या रंगात मी मला फार आवडले. तो धुतल्यावर खाली जो रंग निघाला तोही आवडला. ती ट्यूब मी त्यानंतर विकत घेतली नाही. आईच्या काळजीला मी चूक म्हणत नाही, तिने जे सोसलं त्यातून ती आलीय. पण म्हणून मुलीने स्टेजवर फिकट उभं राहायचं का?

स्पष्ट_बोलतो
पटलं ताई. माझी मुलगी सातवीत आहे. हे तिला वाचून दाखवतो.

लिफ्फीकाठची
डब्लिनहून. इथे आयर्लंडमध्ये टॅन हा घरोघरचा विषय आहे. शाळा संपताना मुलामुलींचा 'डेब्स' नावाचा मोठा नाच असतो, त्याआधी शेजारच्या मुली हमखास स्प्रे करून घेतात. आयरिश नृत्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलींचे पायसुद्धा रंगवतात, त्यांचं कारण तुमच्यासारखंच : स्टेजचा उजेड.

मैत्रिणीच्या लग्नात मी करवली होते. सगळ्यांबरोबर मलाही तंबूत उभं केलं. कागदी अंतर्वस्त्रं, केसांना टोपी, पायाखाली चिकट तळवे, आणि ती मुलगी कुंचला फिरवावा तसा फवारा फिरवत होती. ती म्हणाली, "तुझ्या रंगावर एक पातळ थर पुरे." त्याने खांद्यांवरचे ब्लाउजचे पट्टे छान मिटले. पण मी गाडीत हाताची घडी घालून बसले आणि दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे उमटले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते आहेत. पहिले आठ तास हात अंगापासून लांब ठेव गं.

शालू_आणि_शेड
मी नवऱ्यांचा, म्हणजे नवरी मुलींचा मेकअप करते, कल्याणला. एअरब्रश मेकअपची गन आणि छोटा कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे. त्या गनचं तोंड बारीक असतं, चेहऱ्याला ठीक, अख्ख्या अंगाला तासन्‌तास लागतील. टॅनच्या गनला मोठी मोटर असते आणि फवारा रुंद पडतो. त्यामुळे माझा सल्ला : अंगाला दाट स्पंजचा हातमोजा, आणि चेहरा, मान, हातपाय जिथे संपतात त्या कडा एअरब्रशने. चेहऱ्याला डीएचए द्यायचाच नाही. अंगाशी जुळणारा फाउंडेशन गडद शेडमध्ये मारायचा, रात्री क्लिन्झरने निघून जातो. सोमवारच्या साखरपुड्याचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

दोघींचं जमत असेल तर मी येते. विपू करा, म्हणजे निरोप टाका. पाठ मी लावून देईन.

नाडी_परीक्षा
डॉक्टर आहे. विषयाबाहेरचं वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. टॅनवर ओघळ नको म्हणून आणि 'कोरडं' दिसण्यासाठी आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची पद्धत आहे. काही जण लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही घेतात. कृपया घेऊ नका. सोडियम-पोटॅशियमचं गणित बिघडलं की पायात गोळे येण्यापासून हृदयाचे ठोके चुकण्यापर्यंत काहीही होतं. पाणी पीत राहा. त्या कागदी ग्लासची अडचण परवडली.

पहिलीच_वेळ
सगळ्यांना उत्तर देते. मांडीवर लावून बघितलं. सरांनी आणलेली बाटली माझ्या अंगावर नारिंगी गेली, भाजलेल्या गाजरासारखी. दुसरी मागवली, ती तपकिरी बसतेय. दम्याचा त्रास लहानपणी होता म्हणून स्प्रे रद्द, स्पंज पक्का. शालू_आणि_शेड ताईंशी बोलणं झालंय. पाणी सोडणार नाही, सरांनाही तसं सांगितलं.

लाल_माती दादा, आईला जिममध्ये आणलं. ती कोपऱ्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. मी पाठीची पोझ घेतली तेव्हा काही बोलली नाही. घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाली, "माझ्या बाबांची पाठ अशी होती. गोदीत होते ना." आजोबा मी दोन वर्षांची असताना गेले. मला हे माहीत नव्हतं.

साखरपुड्याबद्दल मात्र ती ठाम आहे : हात उजळ दिसले पाहिजेत.

परळचा_पोझर
त्यासाठी शनिवारी रात्री घरी आल्यावर अंगाला भरपूर खोबरेल तेल, तासभर तसंच ठेवायचं, मग कोमट पाणी आणि उटणं किंवा मसुराचं जाडसर पीठ. रविवारी दोनदा तेच. हातांवरचा बराचसा उतरतो. ब्लीच लावू नका, माझ्या मित्राची कातडी सोलवटली होती. आणि स्टेजआधी कोणी पांढरा कागद अंगावर फिरवून बघितला तर घाबरू नका. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात पुसून निघणारा रंग चालत नाही, चकाकीचा किंवा सोनेरीही नाही. म्हणून काही ठिकाणी तपासतात. तेलही बेतानेच.

पहिलीच_वेळ
झाली स्पर्धा. चौथी आले, सात जणींत.

शुक्रवारी संध्याकाळी ताई आल्या. हॉलमधलं टेबल सरकवून जमिनीवर आईने जुनी मरून चादर अंथरली, न सांगता. ताईंनी पाठीपासून सुरुवात केली, वरून खाली, लांब हात मारत. थंडगार लागतं ते, अंगावर शहारा आला की त्या थांबायच्या. पहिला थर व्हायला चाळीस मिनिटं लागली. मग मी पंख्याखाली हात पसरून उभी. आई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावली. तिसऱ्यांदा आली ती बॅटरी घेऊन, माझ्या मागे वाकून बघितलं आणि ताईंना म्हणाली, "इथे घडीत राहिलंय हो." खरंच राहिलं होतं.

मैदानावर कागद फिरवला, स्वच्छ निघाला. घाम आला, पण ओघळ नाही. फोटोंत माझ्या पाठीवरचा प्रत्येक कट दिसतोय. खांदे कमी पडले, ते माझंच काम आहे, पुढच्या वर्षी करेन. आई आली नव्हती, बाबा आले होते, त्यांनी व्हिडिओ काढला. आईने तो रविवारी दुपारी एकटीने बघितला. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

तेल-उटण्याचे तीन हात झाले. चेहरा साफ. हात सोमवारी थोडे गडदच होते, मनगटापाशी रेघ दिसत होती, म्हणून आईने तिच्या बांगड्या काढून माझ्या हातात भरल्या. मावशीने विचारलं, "उन्हात फिरलीस का गं?" मी सांगायच्या आत आई म्हणाली, "नाही, स्पर्धा होती तिची."

दुसरा_सेट
चौथी! पहिल्याच वर्षी! फोटो विपूत पाठव. आणि कुर्ता, चादर वेगळं भिजवलंस ना? इतर कपड्यांत टाकू नकोस.

पहिलीच_वेळ
पाठवते ताई. कुर्ता वेगळा धुतला, डाग निघाले. चादरीवरचे दोन पावलांचे ठसे निघाले नाहीत. आईने ती घडी करून माझ्या जिमच्या बॅगेवर ठेवली आहे.